आमच्या गावचं कंट्रोल (रेशन दुकान) : पाच ताऱ्यांपैकी साडेतीन

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, घरात पाच माणसं. माणशी ५ किलो म्हणजे गहू-तांदूळ मिळून महिन्याला २५ किलो. जानेवारी २०२३ पासून एक पैसा लागत नाही. शेजारच्या आजीचं अंत्योदय, म्हणजे अगदी गरिबांचं कार्ड, तिला एकटीला ३५ किलो. ते माणशी नाही, कार्डावर असते.

काटा इलेक्ट्रॉनिक आहे, दुकानदार मापात खोट करत नाही. तांदळात मात्र खडे असतात, परातीत निवडूनच घ्या. गहू मागच्या महिन्यात बरा होता, पोळी फुगली.

खरी कटकट अंगठ्याची. कापूस वेचून वेचून सासूबाईंच्या बोटांच्या रेघाच गेल्या. मशीन लाल दिवा दाखवते, त्या पदराला बोट पुसतात, पुन्हा लाल. चौथ्यांदा माझाच अंगठा लावला, निघालं एकदाचं धान्य. कार्डात नाव असलेल्या कोणाचाही चालतो, हे दुकानदारानं आधीच सांगितलं असतं तर म्हातारी दीड तास उन्हात ताटकळली नसती बाप्पा! ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, ती पण तेवढी करून ठेवा.

पावती मागूनच घ्या, त्यावर किती किलो ते छापून येते. कमी दिलं तर १९६७ वर फोन लावा. बाहेरगावी कामाला गेलं तरी तिथल्या कंट्रोलात याच कार्डावर उचलता येते, माझ्या दिरानं पुण्यात घेतलं.

दीड तारा कापला तो उन्हासाठी. सावलीला साधं टिनही नाही.