गर्भवाढीचं ॲप: आलेख ठेवा, वजनाचा अंदाज बंद करा

गरोदर बायकांच्या ओपीडीत मी परिचारिका आहे. सातव्या महिन्यानंतर येणाऱ्या बऱ्याच जणींच्या फोनमध्ये हल्ली हे ॲप दिसतं, म्हणून मीही ते घेतलं आणि आमच्या टेपच्या नोंदींशी ताडून पाहत राहिले.

ॲपमध्ये आईचं वजन आणि पोटाची उंची भरायची. पोटाची उंची म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर. त्यावरून एक आलेख तयार होतो आणि त्याखाली ठळक अक्षरांत बाळाचं जन्माच्या वेळचं वजन येतं, तेही थेट ग्रॅममध्ये.

आलेख खरोखर चांगला आहे. 24 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान पोटाची उंची सेंटीमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच भरते, दोनेक सेंटीमीटर इकडेतिकडे. एकट्या आकड्यावर मात्र विसंबू नये. लघवी साठलेली असली, बाळ आडवं असलं किंवा मोजणारी व्यक्ती बदलली, तरी तो बदलतो. पण ओळीने घेतलेल्या नोंदींची रेघ सपाट व्हायला लागली तर ते ॲपमध्ये लगेच नजरेत भरतं. एका बाईंची रेघ अशीच थांबली होती. ग्रोथ स्कॅन, म्हणजे बाळाची वाढ मोजणारी सोनोग्राफी केली, तर बाळाच्या पोटाचा घेर खरंच मागे पडलेला निघाला आणि पुढची देखरेख वेळेत सुरू झाली.

माझी तक्रार आहे ती वजनाच्या अंदाजाबद्दल. माहितीच्या पानावर लिहिलंय की त्यामागे जॉन्सनचं जुनं सूत्र आहे: उंचीतून 12 वजा करा आणि 155 ने गुणा. उंची 34 असेल तर 3410 ग्रॅम. पण बाळाचं डोकं अजून वर तरंगत असेल तर 13 वजा करायचे असतात, म्हणजे 3255 ग्रॅम. डोकं चांगलं खाली उतरलेलं असेल तर 11, म्हणजे 3565. नुसत्या डोक्याच्या जागेमुळे 310 ग्रॅमचा फरक पडतो, आणि डोकं कुठे आहे हे ॲप विचारतच नाही! पहिलटकरणीचं पोट बाळंतपणाच्या दोन-चार आठवडे आधीच उतरतं. तेव्हा उंची कमी भरते आणि ॲप लाल खूण दाखवतं. ती पाहून रात्रभर न झोपलेली मुलगी सकाळी माझ्यासमोर रडली आहे. तिचं बाळ छान वाढत होतं, डोकं फिक्स झालं होतं, म्हणजे खाली उतरून बसलं होतं, एवढंच. सोनोग्राफीतला अंदाजसुद्धा 10-15 टक्के चुकू शकतो, तिथे टेपवरून ग्रॅम सांगणं मला पटत नाही.

आईच्या वजनाचा अर्थही ॲप फार ढोबळ लावतं. साडेबारा किलो वाढलेल्या बाईत बाळ साधारण 3.3 किलोचं असतं. वार (प्लॅसेंटा) सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, गर्भजल 800 ग्रॅमच्या आसपास, गर्भाशय जवळजवळ एक किलो, वाढलेलं रक्त सव्वा ते दीड किलो. बाकी स्तन, अंगातलं पाणी आणि चरबी. छत्तिसाव्या आठवड्यानंतर गर्भजल कमी होऊ लागतं, त्यामुळे बाळ वाढत असतानाही आईचा काटा जागचा हलत नाही, असं पुष्कळदा होतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उलट बाजूची. वजन भराभर वाढलं की ॲप ‘बाळ मोठं होणार’ असं सांगतं. संध्याकाळी पावलं थोडी सुजणं नेहमीचं असतं. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, काटा एकदम वर गेला आणि सोबत बीपी वाढलं, तर ते पाणी असतं. अशा वेळी वारेचा रक्तपुरवठा अपुरा पडलेला असू शकतो आणि बाळ उलट लहान राहतं. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. नेमक्या त्या दिवशी फोनवर आनंदाचा निरोप झळकावा, हे मला सहन होत नाही.

आईची उंची विचारणारा रकानाही नाही. 1938 मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर घोडे आणि ठेंगण्या शेटलंड पोनींचा संकर केला. शेटलंड आईच्या पोटी लहान शिंगरू आलं, शायर आईच्या पोटी कितीतरी मोठं, आईबाप दोन्हीकडे त्याच दोन जातींचे असूनही. आईचं शरीर बाळाच्या आकाराला इतकं आवर घालू शकतं. बुटक्या आईचं अडीच-पावणेतीन किलोचं बाळ अगदी ठणठणीत असू शकतं, ॲपच्या लेखी मात्र ते ‘कमी’.

पाचपैकी तीन तारे, तिन्ही आलेखासाठी. वजनाचा अंदाज सेटिंगमधून बंद करता येतो, तो आधी बंद करा आणि आलेख तपासणीला सोबत आणा. ॲप बनवणाऱ्यांना मी कळवलं आहे की डोक्याची जागा आणि आईची उंची विचारा, आणि वजन झपाट्याने वाढलं तर सर्वांत आधी ‘आजच बीपी तपासून घ्या’ असं दाखवा.