कॉट बेसिसवर राहून कॅशबॅक ॲप्स: वर्षभर वापरल्यानंतर

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन) राहते, एमएस्सीचं दुसरं वर्ष. घरून महिन्याला ठरलेली रक्कम येते, त्यात भागवायचं. गेलं वर्षभर ऑनलाइन खरेदी शक्यतो कॅशबॅक ॲपवरूनच करते आहे. रूमवर नवीन आलेली प्रत्येक मुलगी विचारते, "खरंच पैसे मिळतात का गं?" मिळतात. पण विद्यार्थ्याचा मोठा खर्च जिथे होतो तिथे ही ॲप्स जवळजवळ निरुपयोगी आहेत.

आधी पेमेंट ॲपवरच्या स्क्रॅच कार्डांचं बघू, कारण ते लगेच आटोपतं. 2017 मध्ये गुगलचं तेज, म्हणजे आताचं गुगल पे, आलं तेव्हा लोकांना खरे पैसे मिळायचे. माझा मामेभाऊ त्या आठवणी अजून काढतो. आता कार्ड खरवडलं की निघतं दाढीच्या क्रीमवरचं कूपन. यात नवल नाही. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेता येत नाही. व्यवहारात कमाईच नाही तर वाटणार कुठून? ते कार्ड म्हणजे जाहिरातीची जागा. मी उघडायचंच बंद केलंय.

खरा मामला कॅशकरोसारख्या ॲप्सचा. (कॅशकरो 2013 पासून आहे, पुढे रतन टाटांनीही त्यात पैसे घातले होते.) यांचं गणित सरळ आहे. तुम्ही त्यांच्या लिंकवरून दुकानाच्या साइटवर गेलात आणि काही घेतलंत, तर दुकान त्यांना कमिशन देतं आणि त्यातला वाटा ते तुम्हाला देतात. म्हणजे सगळा खेळ 'हे गिऱ्हाईक कुणी पाठवलं' यावर. बहुतेक ठिकाणी शेवटची लिंक ज्याची, कमिशन त्याचं. म्हणून मधेच दुसऱ्या साइटवर कूपन शोधायला गेलात, किंवा ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर चालू राहिला, की तुमचा कॅशबॅक गेलाच म्हणून समजा. 2024 च्या डिसेंबरमध्ये पेपॅलच्या हनी या कूपन शोधून देणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनवर आरोप झाले ते याच शेवटच्या क्लिकवरून: यूट्यूबरच्या लिंकवरून आलेलं गिऱ्हाईक ते ऐनवेळी स्वतःच्या नावावर लावून घेतं, असे. तो वाद वाचला तेव्हा या धंद्याची मेख नीट कळली.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. हवी ती वस्तू आधी निवडून ठेवायची, पण कार्ट रिकामी ठेवायची. मग ॲपमधून लिंक उघडायची, वस्तू कार्टमध्ये टाकायची आणि त्याच दमात पैसे भरायचे. कूपन वापरायचंच तर कॅशबॅक ॲपनेच दाखवलेलं.

टक्केवारीला भुलू नका. टक्के बहुतेक वेळा जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवर लागतात. 1,180 रुपयांची सॅक, त्यात 18 टक्के जीएसटी, म्हणजे मूळ किंमत 1,000. सहा टक्के म्हणजे 60 रुपये, 71 नव्हेत. शिवाय 'अप टू' हे दोन शब्द बारीक अक्षरात असतातच. कपडे, सौंदर्यप्रसाधनं यांवर दर बरे, मोबाइल-लॅपटॉपवर अगदीच नगण्य. आणि पैसे लगेच हातात येत नाहीत. आधी 'पेंडिंग', मग परत करण्याची मुदत संपली की दुकान कळवणार, तेव्हा कुठे 'कन्फर्म्ड'. यात महिना-दोन महिने सहज जातात. महिनाअखेरीच्या चणचणीला याचा उपयोग शून्य. अजून एक: 'कॅशबॅक' बँकेत घेता येतो, 'रिवॉर्ड्स' बऱ्याचदा फक्त गिफ्ट व्हाउचरच्या रूपात. खरेदीआधी कोणतं मिळणार ते बघून घ्या.

रूममेटचा एक कॅशबॅक एका ॲपवर कधी दिसलाच नाही. (नाव लिहीत नाही.) तिने ऑर्डरचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार केली. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं: दुकानाने नकार दिला. कारण काही नाही, पुढे दाद मागायलाही जागा नाही. रक्कम दीडशेच्या आत होती, पण तिने ते ॲप त्याच दिवशी काढून टाकलं आणि मला ते पटलं.

आता रविवार संध्याकाळ. पुण्यात राहिलेल्यांना कळलंच असेल: दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद. नेमक्या त्याच वेळी डिलिव्हरी ॲपचं नोटिफिकेशन येतं, अमुक रुपयांच्या वर ऑर्डर केली तर इतके परत. एक पावभाजी पुरेशी असते, पण आकडा गाठायला वर मसाला पापड आणि गुलाबजाम मागवले जातात. डिलिव्हरी चार्ज वेगळा. आम्ही तिघींनी एकदा हिशेब मांडला, तर कोपऱ्यावरच्या गाडीवर तिघींचं जेवण त्याहून स्वस्त पडत होतं, तेही गरम. तेव्हापासून रविवारी ते ॲप उघडायचं नाही असं ठरलंय. पाऊस असला की मोडतं.

बाकी खर्च बघा: कॉटचं भाडं, मेस, बसचा पास, झेरॉक्स. यातल्या कशावर कॅशबॅक आहे? पुस्तकांचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांवर जेवढे सुटतात तेवढे कुठलंच ॲप देणार नाही, आणि वर्ष संपल्यावर तीच पुस्तकं विकताही येतात. विद्यापीठाचा ईमेल असेल तर गिटहबचा स्टुडंट पॅक (प्रोग्रामिंगची साधनं विद्यार्थ्यांना फुकट) आधी घ्या. कॉलेज पात्र असेल तर मायक्रोसॉफ्टचं ऑफिसही फुकट मिळतं. वर्षभराच्या कॅशबॅकपेक्षा हे मोलाचं.

माझ्या फोनवर सध्या एकच कॅशबॅक ॲप उरलंय. बूट, सॅक, आईसाठी दिवाळीची साडी, अशी मोजकी मोठी खरेदी त्यावरून होते. त्याची नोटिफिकेशन्स बंद आहेत. तशीच ठेवा, नाहीतर 'फक्त आज रात्रीपर्यंत' वाचून नको ते घेतलं जातं.

आणि घरच्यांना एवढं नक्की सांगा: कॅशबॅक जमा करायला यूपीआय पिन लागत नाही. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. "कॅशबॅक आलाय, पिन टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.