चित्रांची पट्टी आणि कानावरचे मफ: ऑटिझम असलेल्या लेकासोबत सहल आखताना काय कामी आलं

दिवाळीनंतर घेतलेल्या दोन वस्तूंबद्दल लिहितेय. एक, चित्रांच्या वेळापत्रकाचा तयार संच: कापडी पट्टी आणि तिच्यावर वेलक्रोने चिकटणारी लॅमिनेट केलेली कार्डं. दुसरी, आवाज अडवणारे ईअरमफ. मेच्या सुट्टीत कोकणात, मालगुंडला जायचं होतं आणि तोवर लेकाला दोन्हींची सवय व्हायला हवी होती. तो आठ वर्षांचा आहे, बोलतो मोजकंच, ठरलेलं मोडलं की कासावीस होतो. सोलापुरात आमच्यासारखे पालक बरेच आहेत, आणि ‘सुट्टीत कुठे जाणार?’ म्हटलं की त्यातले कितीतरी जण विषय बदलतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर.

आधी पट्टी. पुढे काय होणार हे कानांपेक्षा डोळ्यांना सांगायचं, ही पद्धत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७०च्या दशकात ‘टीच’ नावाच्या कार्यक्रमातून रुजली. आपल्याकडचे थेरपिस्टही तीच सुचवतात. पद्धत उत्तम आहे. तयार संचातली चित्रं मात्र आमच्या काही उपयोगाची नव्हती. आगगाडी परदेशी, जेवण म्हणजे सँडविच, अंघोळ म्हणजे टब. लेकाने टबचं कार्ड हातात धरून उलटसुलट केलं आणि सरळ खेळण्यातल्या बोटीच्या टोपलीत नेऊन टाकलं. त्याच्या हिशोबाने ते बरोबरच होतं.

म्हणून पट्टी तीच ठेवली आणि कार्डं आमची केली. यांनी मोबाईलवर फोटो काढले: सोलापूर स्टेशनचा फलाट, आमची गाडी, आजीच्या हातचा डबा, पाण्याची बाटली. नव्या पेठेत प्रिंट आणि लॅमिनेशन केलं. मालगुंडच्या घरगुती लॉजवाल्यांना फोन करून म्हटलं, ‘‘दादा, खोलीचे फोटो हवेत. पलंग, जिना, संडास, बाथरूम, सगळ्याचे.’’ ते आधी चक्रावले. कारण सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी सगळं पाठवलं. पंख्याचा आवाज होतो का विचारलं होतं, तर पंखा लावून त्याचा व्हिडिओही धाडला. जागा निवडताना मी आता समुद्र किती जवळ आहे हे नंतर बघते. आधी बघते ते समोरचा माणूस असे प्रश्न कसे घेतो.

रंगीत तालीम म्हणून फेब्रुवारीत विजयपूर केलं. रेल्वेने साधारण शंभर किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री घरी. आवाजाला बिचकणाऱ्या मुलाला गोलघुमटात नेता? असं नातेवाइकांनी विचारलंच. १६५६ साली पूर्ण झालेल्या त्या घुमटाखालच्या गॅलरीत एक टाळी वाजवली तरी ती पुन्हा पुन्हा फिरून येते, आणि सुट्टीच्या दिवशी शंभर पोरं एकदम ओरडतात. आम्ही कामाच्या वारी गेलो, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. घरी बादलीत तोंड घालून आवाज काढायचा खेळ महिनाभर चालला होता, त्यामुळे घुमणं त्याला ओळखीचं होतं. वर पोचल्यावर त्याने मफ स्वतः बाजूला केले, भिंतीला गाल लावला आणि हळूच ‘‘आई’’ म्हणाला. भिंतीने ते परत दिलं. मग तो तिथून हलेचना. शाळेची सहल जिना चढून आली तेव्हा पट्टीवरचं ‘खाली उतरणे’ दाखवलं, त्याने मफ चढवले आणि उतरला.

संचातलं एकच कार्ड मी डोळे झाकून सांगेन: ‘बदल’. त्यावर फक्त वळणारा बाण आहे. याची सवय चांगल्या बदलांपासून लावायची. अंघोळीच्या जागी बाण, आणि अंघोळीआधी आईस्क्रीम. बागेच्या जागी बाण, आणि बागेऐवजी मावशीकडे. असं बरेच दिवस केलं. मेमध्ये सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटात पोचलो तर पुढे ट्रक आडवा झालेला, रांग ठप्प. पट्टीवर पुढचं कार्ड ‘समुद्र’ होतं. त्याने ते बोटाने दाबायला सुरुवात केली, एकदा, दोनदा, मग जोरात. मी समुद्राचं कार्ड काढलं नाही, एक घर पुढे सरकवलं आणि मध्ये बाण लावला. तो रडला, पण गाडीचं दार उघडायला धावला नाही. थोड्या वेळाने बाणावर हात ठेवून बसला. मागच्या वर्षी अशा प्रसंगी आम्ही अर्ध्या वाटेतून घरी परतलो होतो.

पट्टीत एक खोट आहे. वेलक्रोमागचा गोंद सोलापूरच्या उन्हात टिकत नाही. बंद गाडीत कार्डं गळून पडली. शिंप्याकडून वेलक्रो शिवून घ्या.

आता मफ. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या यात्रेला, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम त्याने पहिल्यांदा टिकून पाहिलं, लांबून का होईना. अचानक फुटणारे, कर्कश, चिरके आवाज हे मफ चांगले अडवतात. मिरवणुकीतल्या डॉल्बीचा धडधडाट मात्र अडत नाही. खालच्या पट्टीचा आवाज कवचातून आत येतोच, शिवाय छातीत जाणवतो. तिथे लांब जाणं हाच उपाय. उन्हाळ्यात कानाभोवती घाम साचतो, आणि रेक्झिनची गादी एप्रिलमध्येच सोलायला लागली. जुन्या सुती बनियनच्या खोळी शिवल्यावर बरं पडलं. दिवसभर घालू देऊ नका, असं आमच्या थेरपिस्ट सांगतात. कान शांततेलाच सरावले तर साधे आवाजही जास्त बोचतात.

विकत न घेतलेल्या दोन गोष्टींनी या दोन्हींइतकीच साथ दिली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी: आठवडाभर चव तीच, कुरकुरीतपणा तोच. नव्या ठिकाणी तो नवं काहीच खात नाही, त्यामुळे आम्ही डबाभर नेल्या आणि जेवणाची काळजी संपली. आणि घरातली जुनी सोलापुरी चादर. तिचं वजन आणि वास ओळखीचा, पहिल्या रात्री तिच्यातच तो झोपला.

कागदांचं थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ते काढून जवळ ठेवा, रांगेत बोलावं कमी लागतं. रेल्वेच्या सवलतीच्या यादीत बौद्धिक अक्षमता आहे, सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. तुमच्या प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहिलंय ते स्टेशनवर आधीच दाखवून घ्या.

समुद्राबद्दल हे जरूर वाचा. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोका कळत नाही. मालगुंडशेजारच्या गणपतीपुळ्याचा किनारा तर मोठ्यांसाठीही दगाबाज आहे. आम्ही दोघांपैकी एकाने फक्त त्याच्याकडे बघायचं, फोन खोलीवर, असं ठरवलं होतं. मनगटाला फोन नंबरची पट्टी होती. चित्रांच्या पट्टीवर ‘पाणी घोट्यापर्यंत’ असा त्याच्याच पायांचा फोटो होता, तो घरी अंगणात पाणी सोडून काढलेला. ती रेघ त्याने पाळली, तरी आमचा हात सुटला नाही.

तयार संच पुन्हा घेणार नाही. कापडी पट्टी आणि बाणाचं कार्ड घरीही करता येतं. मफ घेईन, पण कापडी गादीचे, आणि परत करण्याची मुदत बघून, कारण डोक्यावर किती आवळतात हे घातल्याशिवाय कळत नाही. पुढची सहल मुंबईची, वंदे भारतने. तिच्या आपोआप सरकणाऱ्या दारांचे फोटो काढायला हे येत्या रविवारी स्टेशनवर जाणार आहेत.