हीट पंप गीझर गोव्याच्या हवेत: कुठे परवडतो, कशाने बिघडतो

गोव्यात थंडीच नाही तर हीट पंप कशाला, हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. खरं तर हे यंत्र इथल्यासारख्या हवेतच खुलतं. ते स्वतः उष्णता तयार करत नाही. भोवतालच्या हवेतली उष्णता उचलून टाकीतल्या पाण्यात सोडतं. हवा जितकी उबदार आणि दमट, तितकं काम सोपं. थंड देशांतल्या माहितीपत्रकांत कॉइलवर, म्हणजे हवेतली उष्णता ओढणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीवर, साचणाऱ्या बर्फाबद्दल पानंच्या पानं असतात. गोव्यात ती सोडून द्यावीत. इथे कॉइलवर बर्फ धरलाच, तर दोष थंडीचा नसतो. उष्णता वाहून नेणारा यंत्रातला गॅस कमी झालेला असतो, नाहीतर हवेची वाट तुंबलेली असते.

न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली लाकडं पेटवायचे दिवस मागे पडले, तरी सहा माणसांच्या घराला सकाळी लागणारं गरम पाणी काही कमी झालेलं नाही. २०० लिटर पाणी २६ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला पावणेसात युनिट उष्णता लागते. रॉडचा गीझर तेवढी सगळी वीज घेतो. चांगला हीट पंप इथल्या हवेत तेच काम सुमारे दोन युनिटांत करतो. महिन्याला १४० च्या आसपास युनिट वाचतात, पण रोज २०० लिटर पाणी खरोखर वापरलं तर. दोन माणसांच्या फ्लॅटला दिवसाला ६० लिटर पुरत असेल, तर टाकी गरम राखण्यात जाणारी उष्णता धरून दिवसाला जेमतेम एक युनिट वाचतं. तिथे १५ लिटरचा साधा गीझरच बरा. मोठं कुटुंब, होमस्टे, चवथीला पाहुण्यांनी भरणारं घर, यांच्यासाठी मात्र आमचं मत स्वच्छ आहे: घ्यावा. एका भरलेल्या टाकीतून थंड पाणी मिसळून अंघोळीच्या अठरा-वीस बादल्या निघतात. पुन्हा पूर्ण तापायला साडेतीन-चार तास लागतात, तेवढी सवय करावी लागते. सोलरची पावसाळ्यात जी अडचण होते, ती याला नाही. आषाढातल्या ढगाळ, ओल्या हवेतही हा नीट चालतो.

किनाऱ्यावर मात्र हात थोडा आखडतो. फोंडा, डिचोली, साखळी, सांगे भागात निर्धास्त घ्यावा. समुद्राकडून थेट वारा येतो तिथे कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो, दमट हवेत तो ओला राहतो आणि तांब्याच्या नळीला लागून ॲल्युमिनियम खात जातो. पाती कडेला पांढरट भुकटीसारखी झाली, बोटाने दाबल्यावर चुरायला लागली, की कॉइल संपत आली. अशा जागी इपॉक्सी किंवा तत्सम थर असलेली कॉइलच मागावी आणि गंजाला वॉरंटी आहे का हे कागदावर बघावं. अनेक वॉरंटीत गंज सरळ वगळलेला असतो. किनाऱ्यावर महिन्यातून एकदा, आतल्या भागात तीन महिन्यांतून एकदा कॉइल गोड्या पाण्याने धुवावी: एमसीबी बंद, पॅनल उघडून मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच वरून खाली, मग बागेच्या पाइपची हलकी धार. प्रेशर वॉशर पाती वाकवतो. ॲसिडचा क्लीनर तर अजिबात नको. सर्किटच्या डब्यावर आधी प्लास्टिक बांधायचं.

जागेबद्दल एवढंच, की भरलेलं यंत्र तीनशे किलोच्या घरात जातं. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंतीवर ते टांगू नये, काँक्रीटच्या ओट्यावर उभं करावं. बंद खोलीत ठेवायचं तर दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली तरी हवी. लहान कपाटात तेच तेच गार वारं पुन्हा ओढलं जातं आणि तापायचा वेळ वाढत जातो. पावसाळ्यात बुरशी धरणारी कोठीची खोली याला उत्तम, कारण चालताना तो खोलीतला ओलावाही ओढून घेतो.

आता तक्रारी. सगळ्यांत फसवी तक्रार म्हणजे तक्रारच नसणं: पाणी कढत येतं, बिल मात्र वाढलेलं. बहुतेक मॉडेलांत मदतीला दीड-दोन किलोवॉटचा रॉड असतो. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा मुख्य भाग, बंद पडला की रॉड गुपचूप सगळं काम उचलतो आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. गरम पाणी आलं म्हणजे हीट पंप चालतोय, असं धरून चालू नये. दर दोन महिन्यांनी रॉडचा मोड बंद करून फक्त हीट पंपवर लावावं, टाकीतलं थोडं पाणी सोडून द्यावं आणि वीस मिनिटांनी आत जाणारी व बाहेर पडणारी हवा साध्या थर्मामीटरने मोजावी. बाहेर पडणारी हवा आत जाणारीपेक्षा पाच ते आठ अंश गार हवी. फरक दोन अंशांच्या आत असेल तर बिघाड आहे. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा) असेल तर अजून सोपं: या मापाचं यंत्र साधारण अडीच अँपिअर ओढतं, आणि टाकी तापत जाते तसा आकडा चढतो. पंखा फिरतोय पण मीटर अर्ध्या अँपिअरच्याही खाली, याचा अर्थ कॉम्प्रेसर उठलेलाच नाही.

तो न उठण्यामागे गोव्यात दोन कारणं वारंवार सापडतात. एक, कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला जोर देणारी डबी. कॉम्प्रेसरच्या कपॅसिटरचं माप त्याच्या अंगावर मायक्रोफॅरॅडमध्ये छापलेलं असतं. मीटरवर ते छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरलं किंवा डबी फुगली, तर बदलायचा. भाग स्वस्त आहे, पण त्यावाचून कॉम्प्रेसर जळतो. काढण्याआधी टोकं रोधक लावून डिस्चार्ज करायलाच हवीत. दुसरं, मुंग्या. वीज चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरच्या आणि रिलेच्या पॉइंटांत त्या शिरतात, चिरडतात आणि संपर्क तुटतो. पाल शिरली तर थेट शॉर्ट. केबल आत जाते त्या भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) बसवला, तर हे दोन्ही टळतं. बसवणारे बहुतेक वेळा ते भोक उघडंच टाकून जातात.

पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडते, वीज जाते, येते, पुन्हा जाते. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतला दाब समान व्हायला तीन मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर तो दाबाविरुद्ध धडपडतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. चांगल्या मॉडेलात हा विलंब असतोच. नसेल तर तीन मिनिटांचा टायमर असलेला स्टॅबिलायझर लावावा. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर आधी रॉडच्या तारा सोडून बघा. पडणं थांबलं, तर रॉडचं इन्सुलेशन गेलंय. रॉड बदला, आरसीसीबी काढून टाकू नका. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगही कमजोर होतं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं.

मेकॅनिकचं ठरलेलं उत्तर असतं, ‘गॅस भरूया’. हीट पंपचं गॅसचं चक्र बंदिस्त असतं, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. गळतीच्या जागी तेलाचा ओला डाग दिसतो: कॉइलच्या टोकाच्या वळणांवर, झाळलेल्या सांध्यांवर, स्प्लिट प्रकारात (टाकी वेगळी, कॉम्प्रेसरचा भाग वेगळा) नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटवर. साबणाचं पाणी लावून खात्री करावी. जोड पक्का झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (पोकळी मोजायचं माप) हवा काढायची आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. एसीप्रमाणे गेजवरच्या दाबावर अंदाज बांधून भरला तर चूक होते, कारण इथे टाकी तापते तसा दाब बदलत जातो. ज्याच्याकडे वजनकाटा नाही, त्याला काम देऊ नये. पाटीवर आर-२९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे, ज्वलनशील. त्या यंत्राला टॉर्च लावायचं काम फक्त कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचं.

कधी टाकी गरम असते, नळाला मात्र कोमट पाणी येतं. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. टाकीकडे येणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. धार थांबायला हवी. वाहतच राहिली, तर कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत घुसतंय. बहुतेक वेळा हँडशॉवर टोकाशी बंद करून मिक्सर उघडा ठेवलेला असतो. धार थांबली तरीही पाणी कोमट, तर प्लंबरने आत-बाहेरच्या जोडण्या उलट केल्यात का ते तपासा.

खाली पाणी साचलं की घाबरून टाकी फुटल्याचा फोन जातो. पावसाळ्यात हवेतला ओलावाच दिवसाला दोन-तीन लिटर पाणी होऊन गळतो. त्याची नळी शेवाळाने तुंबली की ते पाणी पॅनलमधून खाली येतं. नळीला मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार हवा. मिरगाआधी एकदा आणि नंतर महिन्याला एकदा त्यात गरम पाणी ओतून मोकळी करावी. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना पडणारे थेंब वेगळे: २०० लिटर पाणी तापून दोनेक लिटरने फुगतं, आणि इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असला की ते तिथूनच बाहेर पडतं. सेफ्टी व्हॉल्व्ह बूच मारून बंद करणं जीवघेणं आहे. तापणं थांबल्यावरही धार चालू राहिली, तरच तो बदलायचा.

पाण्याचा भाग गोव्यात वेगळा विचार मागतो. घाटमाथ्यावरच्या बोअरवेलसारखा क्षार इथे फारसा बसत नाही. जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी आणि बरेचदा लोहयुक्त असतं. ते टाकी खातं. टाकीऐवजी खाल्ला जावा म्हणून आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. विहिरीच्या पाण्यावर तो वर्षाला, नळाच्या पाण्यावर दीड-दोन वर्षांनी काढून बघावा. मधली लोखंडी तार उघडी पडली की लगेच बदला. किनाऱ्याजवळच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात, तिथे सहा महिन्यांनीच बघावं. गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो याच रॉडपाशी वाढणाऱ्या जिवाणूंचा. टाकी रिकामी करून धुवावी, एकदा ६५ अंशांपर्यंत तापवावी, आणि वास परत आला तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवावा. वास नसला तरी विजेच्या रॉडचा मोड लावून आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर न्यावं, कारण कायम चाळीस-पंचेचाळीसवर राखलेल्या टाकीत लीजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू वाढतो.