बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या आमच्या घरी बोअरच्या लाईनला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवून या महिन्यात नऊ महिने झाले. घ्यायच्या आधी मी बरीच विचारपूस केली होती, पण भेटेल त्याला विकायचंच होतं. वापरून बघितलेलं माणूस काही सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

घरात आम्ही पाच जण. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. बाकी सगळी भिस्त बोअरवर. ती आम्ही 2019च्या महापुरानंतर मारली. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं बुडाली, आणि चहूकडे पाणीच पाणी असताना आम्ही घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभे होतो. त्या दिवसांत बोअर असलेल्या घरांचा केवढा आधार वाटला होता! आपलीही असावी म्हणून पैसे जमवून मारली. पाणी चांगलं लागलं, पण जड निघालं.

पहिल्या वर्षी फारसं कळलं नाही. मग नळांच्या तोट्यांवर पांढरे डाग, शॉवरची भोकं बुजलेली, धुतलेले कपडे वाळल्यावर कडक, तूरडाळ पाच शिट्ट्या देऊनही अर्धवट. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, डाळीच्या दुकानदाराला दोष द्यायच्या. गिझरची कॉईल दीड वर्षात दोनदा गेली. दुसऱ्या वेळी मी मिस्त्रीसमोरच बसून गिझर उघडायला लावला. कॉईलभोवती भाकरीच्या पापुद्र्यासारखे थर, एकावर एक, बोटानं दाबले की कुरकुर आवाज करत तुटायचे. तळाला तर वाटीभर पांढरा चुरा. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, ही कॉईल पाणी तापवत नव्हती, दगड तापवत होती."

त्याच सुमारास घरी एक विक्रेता आला. त्यानं दोन ग्लास ठेवले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हींत विजेच्या सळया सोडल्या. मिनिटभरात आमचा ग्लास तपकिरी गढूळ, त्याचा मात्र स्वच्छ. आत्यांनी तर तोंडावर हातच ठेवला. आम्ही 17,000 रुपयांचा आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन, घेतला. नंतर कळलं की तो गाळ पाण्यातला नव्हताच. लोखंडी सळई विजेनं झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, त्यामुळे त्यातून वीज नीट वाहत नाही. चिमूटभर मीठ टाकलं असतं तर त्याचाही ग्लास तसाच झाला असता. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत हे बघून असं घाबरवणं मला फार लागलं. त्या मशीनचा मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, सात महिन्यांत क्षारानं बुजला.

तेव्हा ठरवलं, आधी पाणी तपासायचं, मग पैसे. पेनासारखा टीडीएस मीटर सगळ्यांकडे असतो, पण तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. आणि पाणी जड होतं ते याच दोघांमुळे. शाळेत 'दुष्फेन पाणी' म्हणून शिकलो होतो ते हेच. त्यासाठी थेंबांचं किट मिळतं. बाटलीत 10 मिली पाणी घ्यायचं, त्यात रंगाची पूड टाकायची, पाणी लालसर जांभळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण एकेक थेंब सोडत हलवायचं. ज्या थेंबाला पाणी निळं होईल तिथे थांबायचं. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम.

बोअरचं पाणी सव्विसाव्या थेंबाला निळं झालं. म्हणजे 520. नळाचं पाणी तिसऱ्याच थेंबाला. मी तीनदा करून बघितलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500 : 2012) 200 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं आहे.

यात नवल काहीच नाही, हे नंतर उमगलं. नळाला येतं ते सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, धरणातून आणि नदीतून आलेलं पाणी. शहरात 2023च्या दिवाळीत थेट पाईपलाईननं आलेलं काळम्मावाडी धरणाचं पाणीही तसंच. त्याला खडकात मुरायला वेळच मिळत नाही. बोअरचं पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं, खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येणारं. आणि आम्ही ही दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत ओतत होतो! डाळ शिजवायला हवं ते मऊ पाणी घरात येत होतं आणि आम्हीच ते जड करत होतो.

म्हणून पहिला खर्च सॉफ्टनरचा नाही, टाकीचा केला. नळाच्या पाण्याला 500 लिटरची वेगळी टाकी, तिची लाईन फक्त स्वयंपाकघरात. प्लंबरसकट 7,000 रुपये. बोअरची टाकी न्हाणीघर, वॉशिंग मशीन आणि सोलरला, आणि तिच्या वाटेवर सॉफ्टनर. दुसऱ्याच दिवशी डाळ तीन शिट्ट्यांत शिजली. आत्यांनी झाकण उघडून दोनदा पळी फिरवून बघितली.

सॉफ्टनर 25 लिटर रेझिनचा, हाताने चालवायचा, 32,000 रुपयांना पडला. आत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी फिरवून ते परत मोकळे करायचे. आमचा वापर रोज 400 लिटरच्या आसपास, म्हणजे दर सहाव्या दिवशी हे काम येतं. आधी उलटा प्रवाह, मग मिठाचं पाणी सावकाश, मग खारट चव जाईपर्यंत धुणं. सगळं मिळून तासभर. दर वेळी साडेतीन किलो मीठ लागतं. सुरुवातीला बाजारातलं खडे मीठ वापरलं, त्यातल्या मातीनं टाकीच्या तळाला चिखल साचला. आता मिठाच्या गोळ्यांचं पोतं आणते, दीड महिन्याला एक पुरतं.

कामाच्या गोष्टी आधी सांगते. सॉफ्टनरच्या पाण्यात रंगाची पूड टाकली की द्रावणाचा एकही थेंब न सोडता पाणी निळं होतं. कपड्यांची पावडर निम्म्यावर आली. तोट्या पुसल्या की पुसलेल्या राहतात. आठव्या महिन्यात गिझर उघडून बघितला, नव्या कॉईलवर हलकी धूळ असावी इतकंच.

आता त्रास. पहिले पंधरा दिवस मामा, म्हणजे सासरे, रोज म्हणायचे, "अगं, अंगाचा साबण निघंनाच झालाय!" साबण निघालेला असतो, अंग फक्त गुळगुळीत लागतं. साबण निम्मा केला तसं ते थांबलं. दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. मीठ धुतलेलं पाणी मी परसातल्या गटारीत सोडत होते, ती पाझरून जास्वंदीच्या मुळाशी जात होती. दहा वर्षांचं झाड दोन महिन्यांत गेलं. ते पाणी झाडांना, जमिनीला अजिबात जाऊ देऊ नका. झाडांसाठी मी सॉफ्टनरच्या आधी एक तोटी काढून घेतली आहे, त्यांना बोअरचं साधं पाणीच बरं.

आणि हे पाणी प्यायचं नाही. 100 मिलिग्रॅम जडपणा निघाला की पाण्यात साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. आमच्या पाण्यात लिटरला 240 च्या घरात. मामांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून स्वयंपाकघरात त्याची तोटीच ठेवली नाही.

मऊ पाणी म्हणजे शुद्ध पाणी असंही नाही. सॉफ्टनर जंतू मारत नाही, खतातलं नायट्रेटही काढत नाही. इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची साथ आली ती दूषित पाण्यामुळेच, क्षारांचा तिथे काही संबंध नव्हता. नळाचं पाणी आम्ही यूव्ही फिल्टरमधून, म्हणजे अतिनील उजेडानं जंतू मारणाऱ्या फिल्टरमधून, घेतो, आणि पावसाळ्यात गढूळ आलं की तुरटी फिरवून, निवळून, गाळून, उकळूनच पितो, कारण गढूळ पाण्यात यूव्हीचा उजेड पोचत नाही. आरओ काढून टाकला. 500च्या आतल्या टीडीएसला आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 मध्ये म्हटलं होतं.

गेल्या महिन्यात शिवाजी पेठेतल्या माझ्या धाकट्या जावेचा फोन आला, "अक्का, तुमच्यासारखंच मशीन बुक केलंय, दोन हजार भरलेत." तिच्याकडे बोअर नाही, फक्त नळ. मी किट घेऊनच गेले. तिच्या ओट्यावर, दोन्ही मुलं बघत असताना, तिसऱ्या थेंबाला पाणी निळं झालं. तिनं पैसे परत मागवले आणि त्यातून टाकी धुऊन घेतली, वर घट्ट झाकणही बसवलं.