थराचा आवाज पायाने: एक्स्प्रेशन पेडल की फूटस्विच?

कीबोर्डवर पियानोच्या जोडीला स्ट्रिंग्जचा, म्हणजे व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या आवाजाचा, थर लावला (म्हणजे एकाच पट्टीवर दोन्ही आवाज एकत्र वाजू लागले) आणि दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले असले, की त्या थराचा आवाज सांभाळण्याचे काम पायाकडे येते. एक्स्प्रेशन पेडल ० ते १२७ यांमधली मूल्ये सलग पाठवते, म्हणून चवडा हळूहळू दाबत नेला, की स्ट्रिंग्ज कुठून आल्या हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. मात्र मिडीचा (इलेक्ट्रॉनिक वाद्ये ज्या भाषेत संदेश पाठवतात तिचा) ११ क्रमांकाचा हा संदेश पियानोच्या थरानेही स्वीकारला, तर दोन्ही आवाज एकदमच खाली जातात. त्यामुळे पियानोपुरता तो आधीच बंद करावा लागतो. शिवाय प्लगमधली जोडणी सर्व उत्पादकांची सारखी नसते, आणि चुकीचे पेडल लावल्यास आवाज मध्येच उडी मारतो.

फूटस्विचला चालू आणि बंद एवढेच कळते. एका टिचकीत थर येतो, पाय लगेच मोकळा होतो आणि उभे राहून वाजवणाऱ्याचा तोल जात नाही, जी सोय उजवा पाय सस्टेनवर (स्वर लांबवणाऱ्या पेडलवर) असताना फार मोलाची ठरते. पण काही कीबोर्डांवर थर बंद करताच धरलेले स्वर कापल्यासारखे तुटतात, म्हणून तो दोन ओळींमधल्या विरामातच दाबावा.

संथ गाण्यांसाठी मी पेडलच निवडेन; मुखड्याला एकदम भरणा हवा असेल, तिथे स्विच पुरतो.