क्लोरीनची गळती: दारं लावून आत थांबायचं की बाहेर पडायचं?

तुमची शाळा, सोसायटी किंवा वस्ती जलशुद्धीकरण केंद्राला नाहीतर रासायनिक कारखान्याला लागून असेल, तर हा निर्णय आजच घेऊन ठेवा. वायू सुटल्यावर हाताशी दोन-चार मिनिटं असतात आणि तेव्हा डोळे चुरचुरत असतात, मुलं भेदरलेली असतात. भोपाळनंतर ‘गॅस म्हटला की पळायचं’ हेच आपल्या मनात पक्कं बसलं आहे. क्लोरीनच्या बाबतीत मात्र पळणारा माणूस अनेकदा जास्त वायू छातीत भरून घेतो.

क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत सरपटतो आणि नाल्यात, खड्ड्यात, तळघरात साठतो. पाणी शुद्ध करायला वापरतात त्या टनरमध्ये, म्हणजे मोठ्या पोलादी सिलिंडरमध्ये, ९०० किलो द्रव क्लोरीन असतो आणि एक लिटर द्रवाचा साधारण ४५० लिटर वायू होतो. दहा लाखांत दहा भाग इतकं प्रमाणही जिवाला तातडीचा धोका मानलं जातं. त्यातून तीव्रता दुप्पट झाली की इजा दुप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून तीव्रतेचा कळस टाळणं सगळ्यात महत्त्वाचं.

आत थांबण्याची खरी ताकद इथेच आहे. सिमेंटच्या घरात खिडक्या लावल्या, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद केला, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला तरी वायू आत येतोच, पण हळूहळू. बाहेर ढग दाट असतो त्या वेळी आत प्रमाण बरंच कमी राहतं. तिसऱ्या मजल्यावर असाल तर आणखी बरं. बाहेर पडणारा माणूस मात्र थेट त्या दाट ढगात शिरू शकतो आणि धावताना श्वासही खोल घेतो.

पण हा सगळा हिशेब पक्क्या भिंतींचा आहे. पत्र्याचं घर, कौलारू छप्पर, तट्ट्याची झोपडी बंद होतच नाही. जलशुद्धीकरण केंद्रांच्या आसपास अशाच वस्त्या पुष्कळ असतात. तिथल्या लोकांना ‘घरातच थांबा’ सांगणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं. त्यांच्यासाठी जवळची पक्की दुमजली इमारत आधीच ठरलेली हवी आणि रात्री-अपरात्री तिचं कुलूप कोण उघडणार हेही. ते जमत नसेल तर ढग पोचण्याआधी बाहेर पडणं हाच मार्ग.

दुसरा प्रश्न वेळेचा. एखाद्या टनरच्या झडपेतून थोडा वायू गळतोय आणि मास्क-सिलिंडर लावलेली प्रशिक्षित माणसं कामाला लागली आहेत, तर गळती लवकर आटोक्यात येते. आत थांबणं योग्य. मोठी टाकी फुटली तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या ग्रॅनिटव्हिल गावात ६ जानेवारी २००५ च्या पहाटे मालगाड्यांची धडक होऊन क्लोरीनचा एक टँकर फुटला. नऊ जण दगावले, त्यांत शेजारच्या कापड गिरणीतले कामगार होते. लोकांना आधी घरात थांबायला सांगितलं, नंतर सुमारे दीड किलोमीटरच्या टापूतल्या ५,४०० जणांना हलवलं. तिथे दोन्ही पर्याय एकामागून एक वापरावे लागले आणि माझ्या मते तुमच्या योजनेतही तसंच लिहिलेलं असावं: ढग जाईपर्यंत आत, मग बाहेर. ढग ओसरल्यावर आत शिरलेला वायू आतच कोंडून राहतो, म्हणून मोकळं झाल्याचा निरोप येताच खिडक्या उघडून बाहेर या.

बाहेर पडायचंच ठरलं तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि चढाकडे. वारा जिकडे जातो तिकडे पळालात तर ढग तुमच्या मागोमाग येतो. केंद्राच्या आवारात वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी बाहेरच्यांनाही दिसेल अशी लावायला सांगा. रात्री जास्त सावध राहा. हवा स्थिर असते आणि वायू लांबपर्यंत दाट राहतो.

गळणाऱ्या टनरवर पाणी मारायला कुणालाही जाऊ देऊ नका. पाण्याशी क्लोरीनचं आम्ल होतं आणि भोक मोठं होतं. टनर फिरवून भोक वरच्या बाजूला आणलं तर द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो आणि गळती कितीतरी कमी होते, पण ते काम प्रशिक्षित माणसांचं.

कारखान्याकडे आराखडा असेलच, असं धरून चालू नका. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत आपत्कालीन योजनेची सक्ती क्लोरीनचा साठा १० टनांवर गेला की लागू होते. चार टनर ठेवणारं गावचं केंद्र त्या मर्यादेच्या खूप खाली राहतं. शिवडीला हाजी बंदरावर जुलै २०१० मध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला. पडून राहिलेला साठा कुठल्या आराखड्यात बसतो, ते तुमच्या नगरपरिषदेला लेखी विचारा.

वायू लागलेल्या माणसाला पळवू नका, चालवूही नका. १०८ बोलवा आणि तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी साठायला काही तास लागू शकतात.